भर हिवाळ्यात गारा का पडतात? सगळा खेळ आहे दोन हवांच्या सीमेवरचा

तारीख २६ नोव्हेंबर २०२३. रविवार. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. नाशिकच्या निफाड तालुक्यात हे दिवस म्हणजे पहाटे कानटोपी घालून द्राक्षबागेत चक्कर मारायचे दिवस. त्या दिवशी मात्र आभाळ भरून आलं आणि गारा सुरू झाल्या. द्राक्षाच्या बागा झोडपल्या गेल्या, कांद्याची रोपं चिखलात गेली. शेजारच्या गुजरातमध्ये त्याच दिवशी वीज पडून २० पेक्षा जास्त माणसं गेली.

पुढचे चार दिवस मोबाईलवर नेहमीचे तीन मेसेज फिरले. पहिला, "आता ऋतूंचं काही खरं राहिलं नाही." दुसरा, "हा पाऊस पाडलेला आहे, नैसर्गिक नाही." आणि तिसरा, "हवामान खात्याने सांगितलंच नव्हतं."

तिसरा मेसेज तर सरळ चुकीचा होता. इशारे दोन-तीन दिवस आधीपासून दिलेले होते. दुसऱ्या मेसेजकडे पुढे येऊच. पण पहिला मेसेज सगळ्यात जास्त पटतो, कारण हिवाळ्यात गारा म्हणजे निसर्गाचं डोकं फिरलंय असंच वाटतं. प्रत्यक्षात या गारपिटीमागे एक ठरलेला हिशोब असतो. तो समजला की हवामान खात्याचा अंदाज वाचायची पद्धतही बदलते.

हवेलाही गाव असतं

आपण म्हणतो "आज हवा थंड आहे", जणू काही हवा इथेच होती आणि रात्रीत थंड झाली. बऱ्याचदा तसं नसतं. कालची हवा निघून गेलेली असते आणि तिच्या जागी दुसरीकडची हवा आलेली असते.

एखादी हवा एकाच प्रदेशावर बरेच दिवस मुक्काम ठोकून राहिली, की ती त्या प्रदेशाचे गुण उचलते. राजस्थानच्या वाळवंटावर राहिली तर कोरडी होते. बंगालच्या उपसागरावर राहिली तर दमट होते. सैबेरियाच्या बर्फावर राहिली तर गारठते. हजार-हजार किलोमीटर पसरलेल्या, आतून सगळीकडे साधारण सारख्याच असलेल्या अशा हवेच्या ढिगाला भूगोलाच्या पुस्तकात 'वायुराशी' म्हणतात. मग वारे बदलले की ही अख्खी वायुराशी आपलं बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या प्रदेशात जाते.

दोन वायुराशींमध्ये किती फरक असू शकतो? दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. ३० अंश तापमान असेल तर त्या खोलीतली हवा जास्तीत जास्त पाऊण किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात धरून ठेवू शकते. तीच खोली १० अंशांवर असेल तर ही मर्यादा पाव किलोच्या आसपास येते. म्हणजे उबदार, दमट हवा थंड हवेपर्यंत पोहोचली आणि वर उचलली गेली, की तिच्याकडचं जास्तीचं पाणी कुठेतरी सोडावंच लागणार. हे पाणी म्हणजेच आपला पाऊस.

आपला मान्सूनसुद्धा याच भाषेत सांगता येतो. जूनमध्ये समुद्रावरची दमट वायुराशी आपल्याकडे मुक्कामाला येते आणि ऑक्टोबरमध्ये उत्तरेची कोरडी वायुराशी तिची जागा घेते. गारपीट होते ती या दोन हवांची मधल्याच एखाद्या दिवशी गाठ पडली तर.

'आघाडी' हा शब्द युद्धातून आलाय

मराठी माणसाला आघाडी म्हटलं की सरकार आठवतं. पण हवामानशास्त्रातली आघाडी ही राजकारणातली नाही, रणांगणावरची आहे.

पहिलं महायुद्ध सुरू होतं. नॉर्वे युद्धात नव्हता, पण युद्धामुळे बाहेरच्या देशांकडून येणारी हवामानाची माहिती तुटली होती. तेव्हा बर्गन शहरात विल्हेल्म ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने, त्यांचा मुलगा याकोब आणि काही तरुण सहकाऱ्यांनी मिळून देशातच निरीक्षण केंद्रांचं दाट जाळं उभं केलं. इतक्या जवळजवळच्या नोंदी नकाशावर मांडल्यावर त्यांना एक गोष्ट दिसली. तापमान हळूहळू बदलत नाही, एका रेषेवर अचानक बदलतं. आणि पाऊस, वादळ, ढग हे सगळं त्या रेषेच्या आजूबाजूलाच घडतं.

वर्तमानपत्रांत रोज युद्धाच्या आघाड्यांचे नकाशे छापून येत होते. दोन सैन्यं समोरासमोर उभी आणि मध्ये एक सरकणारी रेषा. हवेचंही तसंच होतं. म्हणून त्या रेषेला 'फ्रंट', म्हणजे आघाडी हे नाव पडलं. याकोब ब्यर्कनेस यांनी १९१९ मध्ये यावर निबंध लिहिला आणि हवामानाचा अंदाज सांगायची पद्धतच बदलून गेली.

थंड हवा जड असते. ती पुढे सरकली की पाचरीसारखी उबदार हवेच्या खाली घुसते आणि तिला झटक्यात वर फेकते. त्यातून उंच ढग, वीज आणि जोराचा पण थोडा वेळ चालणारा पाऊस होतो. ही शीत आघाडी. उलट उबदार हवा पुढे सरकली तर ती थंड हवेच्या अंगावरून हळूहळू, लांब उतारावरून वर चढते. मग आभाळ दिवसभर राखाडी राहतं आणि रिपरिप चालू राहते. ही उष्ण आघाडी. लंडनला नोकरीसाठी गेलेला मित्र "दिवसभर नुसती पिरपिर चालू आहे" अशी तक्रार करतो, ती बऱ्याचदा या उष्ण आघाडीचीच असते.

मग आपल्याकडे ही आघाडी असते कुठे?

युरोपच्या हवामान नकाशावर निळ्या त्रिकोणांच्या आणि लाल अर्धगोलांच्या रेषा दिसतात. त्याच या आघाड्या. महाराष्ट्राच्या नकाशावर तशा रेषा सहसा दिसत नाहीत. कारण आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत. आपल्याकडे शेजारशेजारच्या दोन हवांच्या तापमानात युरोपइतका मोठा फरक पडत नाही.

फरक पडतो तो ओलाव्यात. एका बाजूला वायव्येकडून येणारी कोरडी हवा, दुसऱ्या बाजूला बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा. या दोन वाऱ्यांची गाठ जिथे पडते तिथे वाऱ्याची दिशा एकदम बदलते. उन्हाळ्याच्या तोंडावर अशी रेषा कधी विदर्भापासून कर्नाटक, केरळपर्यंत लांबते. 'वारा खंडितता', 'द्रोणीय स्थिती' असे शब्द बातमीत आले की समजायचं, दोन हवांची सीमा आपल्या राज्यावरून गेली आहे.

पण हिवाळ्यातल्या गारपिटीसाठी एवढं पुरत नाही. त्यासाठी एक पाहुणा लागतो. त्याचं नाव पश्चिमी झंझावात.

भूमध्य समुद्राच्या बाजूने निघणारी ही वादळी प्रणाली उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत हिमालयाला येऊन धडकते. हिवाळ्यात अशा प्रणाली महिन्यातून अनेकदा येतात. काश्मीर-हिमाचलचा बर्फ आणि पंजाबच्या गव्हाला मिळणारा पाऊस त्यांच्यामुळेच. बहुतेक वेळा त्यांचा प्रवास उत्तरेतूनच होतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण कधीकधी त्यांच्यासोबतचा थंड हवेचा पट्टा दक्षिणेला, पार महाराष्ट्रापर्यंत खाली लोंबतो.

आता चित्र काय होतं बघा. जमिनीजवळ समुद्राकडून आलेली उबदार, दमट हवा. तिच्या वर, काही किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून आलेली थंड आणि कोरडी हवा. दोन सैन्यं समोरासमोर उभी नाहीत, एकाच्या डोक्यावर दुसरं उभं आहे. युरोपातली आघाडी जमिनीवरून सरकत येते. आपल्या गारपिटीची आघाडी बऱ्याच अंशी आपल्या डोक्यावर तयार होते. म्हणून क्षितिजाकडे बघून ती येताना दिसत नाही.

गार बनते कशी?

जड हवा वर आणि हलकी हवा खाली ही अवस्था फार वेळ टिकत नाही. दुपारच्या उन्हाने जमीन तापली की खालची हवा उसळी मारते. वर जाताना तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेने हवा आणखी जोरात वर जाते. तासाभरात १२-१५ किलोमीटर उंचीचा ढग उभा राहू शकतो.

आपल्याकडे साधारण चार ते पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याला पोहोचतं. कळसूबाईवर कळसूबाई ठेवत गेलं तर अडीच-तीन शिखरांएवढी ही उंची. वरची हवा जास्तच थंड असेल तर ही पातळी आणखी खाली येते. त्याच्या वर ढगात पाण्याचे असे थेंब असतात जे शून्याखाली जाऊनही गोठलेले नसतात. बर्फाचा एखादा कण त्यांच्यात सापडला की ते थेंब त्याला चिकटून गोठायला लागतात. कण जड होतो, पडायला बघतो, पण खालून येणारा वारा त्याला पडू देत नाही. त्या झुंजीत त्याच्यावर थरावर थर चढतात. मोठी गार मधोमध कापली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते यामुळेच.

लिंबाएवढी गार हवेत तोलून धरायची तर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने वर जाणारा वारा लागतो. गार वाऱ्याला पेलवेनाशी झाली की ती खाली येते.

मग प्रश्न पडतो, मे महिन्यात ऊन जास्त, वळीवही जोरदार, तरी गारपिटीची मोठी बातमी फेब्रुवारी-मार्चची का असते? कारण मे महिन्यात शून्य अंशाची पातळी उंच गेलेली असते आणि खालची हवा तापलेली असते. छोट्या गारा वाटेतच वितळतात. हिवाळा संपता संपता मात्र वर थंडी शिल्लक असते आणि खाली ऊन वाढलेलं असतं. गारांसाठी हा मुहूर्त सगळ्यात चांगला. आणि रब्बीचं पीक कापणीला आलेलं असतं तेही नेमकं तेव्हाच.

२०१४ ला काय झालं होतं?

हा हिशोब किती महागात पडू शकतो हे महाराष्ट्राने २०१४ मध्ये बघितलं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा गारपीट झाली. २८ जिल्ह्यांना फटका बसला. उभा गहू, हरभरा, रब्बी ज्वारी आडवी झाली. द्राक्ष, डाळिंब, आंब्याच्या बागा गेल्या. काही गावांत शिवार बर्फाने पांढरं झाल्याचे फोटो लोक आजही दाखवतात.

त्यातच ५ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. त्यामुळे मदत कशी आणि कधी जाहीर करायची हा वेगळाच पेच उभा राहिला.

एक-दोन दिवसांची गारपीट आपल्याकडे नवी नाही. तेव्हा वेगळं होतं ते तिचं लांबणं. पश्चिमी वाऱ्यांचा थंड पट्टा नेहमीपेक्षा बराच दक्षिणेला उतरला होता आणि त्याच वेळी समुद्राकडून दमट हवेचा पुरवठा सुरूच राहिला. दोन्ही हवा हटायला तयार नव्हत्या, त्यामुळे सीमा महाराष्ट्राच्या डोक्यावरच राहिली.

मग माझ्या गावाचं नाव घेऊन का सांगत नाहीत?

सगळ्यात मोठा राग इथेच असतो. पश्चिमी झंझावात येतोय, समुद्रावरून दमट वारे येणार आहेत, हे चार-पाच दिवस आधी कळू शकतं, कारण या हजार किलोमीटरच्या गोष्टी आहेत. पण गार पाडणारा एक ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि बऱ्याचदा तास-दीड तासात संपतो. एका शिवारात सडा पडतो आणि ओढ्यापलीकडचं शिवार कोरडं राहतं. तो ढग कुठल्या गावावर फुटणार हे तो तयार व्हायला लागल्याशिवाय सांगता येत नाही. भांडं कधी उकळणार हे सांगता येतं, पहिला बुडबुडा कुठून येणार हे सांगता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून अंदाज तीन पायऱ्यांत वाचायचा असतो.

पहिली पायरी, चार-पाच दिवसांचा अंदाज. यात शक्यता कळते. काढणीला आलेला हरभरा दोन दिवस आधी काढायचा का, फवारणी पुढे ढकलायची का, हे निर्णय इथे घ्यायचे.

दुसरी पायरी, जिल्ह्याचा रंगीत इशारा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. यातच 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी' असे शब्द असतात. ते लिहिणाऱ्याने सुटका करून घेण्यासाठी वापरलेले नसतात, त्यांना ठरलेला अर्थ आहे. तुरळक म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के. बऱ्याच ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५ टक्के. त्यामुळे 'तुरळक ठिकाणी गारपीट' असा इशारा असताना चारपैकी तीन गावं कोरडी राहिली, तरी तो अंदाज चुकलेला नसतो.

तिसरी पायरी, पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा. रडारवर ढग दिसायला लागल्यावर हा दिला जातो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. या पायरीवर पीक वाचवायला वेळ उरलेला नसतो, पण माणसं आणि जनावरं वाचवता येतात. झाडाखालून निघून पक्क्या छपराखाली जाणं, गोठ्यात जनावरं घेणं एवढं होतं.

सोशल मीडियावर होतं काय, की पहिल्या पायरीचा अंदाज तिसऱ्या पायरीसारखा फॉरवर्ड होतो. "अमुक तारखेला अमुक तालुक्यात गारपीट होणार" असं कुणी पाच दिवस आधी ठामपणे लिहिलं असेल, तर तो माणूस शास्त्राला शक्य आहे त्यापेक्षा जास्त सांगतोय.

पाऊस पाडला गेला होता का?

आता त्या दुसऱ्या मेसेजकडे येऊ. महाराष्ट्रात कृत्रिम पावसाचे प्रयोग झालेत हे खरं आहे. २०१५ आणि २०१९ मध्ये दुष्काळात मराठवाड्यासाठी विमानं उडाली होती. पण त्या प्रयोगात आधीच तयार असलेल्या, पाणी असलेल्या ढगात क्षार फवारतात. ढग नसेल तर फवारून काही होत नाही. गुजरातपासून मराठवाड्यापर्यंत पसरलेली हवेची अख्खी प्रणाली उभी करणं तर कुठल्याही विमानाच्या आवाक्यातलं नाही.

याचीच उलटी बाजू म्हणजे गारा रोखणाऱ्या तोफा. मोठा आवाज करून ढगातल्या गारा फोडता येतात असा दावा असतो. हिमाचलच्या सफरचंद बागांमध्ये अशा तोफा आहेत. पण त्यांना शास्त्रीय आधार नाही असं जागतिक हवामान संघटनेने स्पष्ट सांगितलंय. ढगाच्या पोटात स्वतःचा गडगडाट त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, तरी गारा पडतातच. बागेवर टाकायची गारपीटरोधक जाळी मात्र काम करते. अडचण तिच्या खर्चाची आहे, आणि मदतीची चर्चा व्हायची तर तिथे व्हायला हवी.

आणि तो पहिला मेसेज, ऋतू बदलल्याचा? तापमान १ अंशाने वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे ढगाला मिळणारं इंधन वाढतंय. त्याच वेळी शून्य अंशाची पातळी उंच सरकत असल्याने छोट्या गारा वितळण्याची शक्यताही वाढते. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. त्यामुळे प्रत्येक गारपिटीवर 'हवामान बदल' असा शिक्का मारून मोकळं होणं बरोबर नाही. बागेला धोका आहे हे सांगायला तेवढा घाईचा निष्कर्ष लागतही नाही.

शेवटी एक खूण

निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा पारा किती उतरला ही हिवाळ्यातली ठरलेली बातमी. ही थंडी म्हणजे उत्तरेची कोरडी हवा आपल्याकडे मुक्कामाला आल्याची पावती. मग एखाद्या आठवड्यात पहाटेची थंडी अचानक पळते, अंगावर चादर नको होते, वारा पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून यायला लागतो आणि आभाळात ढग जमतात. बागायतदार म्हणतात, "वातावरण बिघडलं", आणि भुरी-डाऊनीच्या काळजीने औषधं काढतात.

त्यांचं निरीक्षण बरोबर असतं. उत्तरेची हवा मागे हटली आहे आणि समुद्राची हवा आत आली आहे. गारपीट होईलच असं नाही, कारण वरून येणारी थंड हवा अजून बाकी आहे. पण दोनपैकी एक हवा हजर झाली आहे. त्या दिवशी मोबाईल उघडून एवढंच बघायचं, की उत्तरेत पश्चिमी झंझावात येतोय का आणि आपल्या जिल्ह्याचा रंग काय आहे. दोन्हींचं उत्तर चिंतेचं असेल, तर काढणीला आलेल्या मालासाठी मजूर सांगायचा दिवस तो असतो. गारा सुरू झाल्यावर फक्त फोटो काढता येतात.